सैल नळी

राइनो,

शनिवारी आपल्या बाबांचा हरणावरचा नेम चुकला, तेव्हा शिकारीच्या खोपीतल्या रिवाजाप्रमाणे तू त्यांच्या शर्टाचं टोक कापून भिंतीला ठोकलंस. "म्हातारबा, आता चष्म्यालाच चष्मा लावा," म्हणालास. "डोळे गेले रे माझे," ते म्हणाले. मीही हसले. रविवारी झोपेतच ते गेले.

आज त्यांची रायफल रिकामी करून पुसायला घेतली. तिच्यावरच्या दुर्बिणीचे स्क्रू घट्ट आहेत, पण पुढचं लाकूड काढल्यावर नळी हातानेसुद्धा हलते; अशा नळीतून गोळी सरळ जाणारच नाही. बंदूकवाल्याला दाखवल्याशिवाय ती झाडू नकोस.

भिंतीवरचा तुकडा मी काढून नेते आहे. काढताना खोपीत कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाले, "नेम तुमचा नव्हता चुकला, बाबा. मी हसायला नको होतं."

आइली