तुझ्या वाटणीची अंजिरं

सोमवार, ९ तारीख

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी उलटली तरी छोट्या म्हणते म्हणून चिडू नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद खर्ची घालतेय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, चालवून घे. तुझ्या बायकोची कंबर आता बरी आहे ना? इकडे सगळं ठीक.

तू पाठवलेला बंदूकवाला काल आला होता. माणूस सज्जन वाटला, पाय पुसून आत आला. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, बागेतली वटवाघळं संपवायची." मी म्हटलं, "साहेब माझा धाकटा भाऊ आहे. त्याला सांगा, ताई नाही म्हणाली." दारातून वळून बिचारा पुन्हा विचारतो, "बाई, असंच्या असं सांगू ना?" एव्हाना सांगितलंही असेल त्याने.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. बाबांनी बाग दोघांत वाटली, तू तिकडे राहतोस, राखते मी, आणि गेल्या हंगामात तुझ्या वाटणीची अंजिरं वटवाघळांनी फस्त केली. यंदाही तेच झालं तर झाडं तोडून जमीन विकणार, असं तू मला तोंडावर सांगितलंस. ते माझ्या मनातून जात नाही. तुझी झाडं मला तुटू द्यायची नाहीत. पण ती वाचवायला कुणी गोळ्या झाडलेल्याही मला चालणार नाहीत. माझा हट्ट म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

आधी मी फांद्यांना चकचकीत पट्ट्या बांधल्या. मग झाडाखाली रेडिओ लावून ठेवला. चार दिवस वटवाघळं बिचकली, मग बातम्या ऐकत ऐकत जेवायला लागली.

जाळ्याचं लिहायचं मी मघापासून टाळतेय. बाजारातून मोठ्या भोकांचं काळं जाळं आणलं आणि झाडांवर नुसतं पांघरून दिलं. माझा शहाणपणा. सकाळी बघते तर एक वटवाघूळ त्यात गुरफटलेलं, पंख पिळवटलेला, डोळे माझ्याकडे. कात्रीने एकेक दोरा कापत बसले. मी सोडवतेय की मारतेय, हे त्याला कसं कळावं? चावलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, चांगलं खोल. हे पत्र डाव्या हाताने लिहितेय. तडक दवाखाना गाठला, इंजेक्शनं सुरू आहेत, हातमोजे घातले नाहीत म्हणून वर नर्सने बोलून घेतलं. आता तू म्हणशील, "बघ, मी सांगत नव्हतो?" म्हणूनच कळवलं नव्हतं. त्यात त्या जिवाचा काय दोष? जाळं माझं होतं.

जनावरांच्या डॉक्टरबाई त्याला टोपलीत घालून घेऊन गेल्या. पंख बरा झाल्यावर सोडलंही. त्यांनीच मला नीट समजावलं. जाळं पांढरं हवं, म्हणजे अंधारातही दिसतं. भोकात करंगळीसुद्धा जाता कामा नये. आणि ते झाडावर टाकायचं नाही, चौकटीवर ताणून बांधायचं, इतकं की हात आपटला तर उडून परत आला पाहिजे. मग नळवाल्याकडून पाइपांच्या चौकटी करून घेतल्या. शिडीवर तो आणि खालून आरडाओरडा करायला मी. दोनदा म्हणाला, "मावशी, तुम्हीच चढा."

आता वटवाघळं येतात, घिरट्या घालतात, घटकाभर जाळ्यावर टेकतात आणि दुसरीकडे जातात. एकही अडकलं नाही, आतल्या एकाही फळाला दात लागलेला नाही. मी रोज सकाळी फिरून बघते. छोट्या, फार बरं वाटतं रे.

फक्त जाळं सगळ्या बागेला पुरलं नाही. दुकानदाराकडे होतं तेवढं आणलं, उरलेलं तो पुढच्या हंगामात देणार आहे. आणलं ते तुझ्या झाडांवर घातलंय.

माझ्या झाडांना जुन्या चादरींच्या पिशव्या बांधतेय, एकेका फळाला एकेक. उजवा हात अजून वळत नाही, गाठ मारायला दात कामी येतात, आणि देठाच्या चिकाने ओठ चुरचुरतात. जेवढी होतील तेवढी बांधेन. बाकीची वटवाघळांनी खावीत. ती माझ्या वाटणीची आहेत, तक्रार करायची तर मी करायची, आणि मी करणार नाही.

तुझं एकही अंजीर आता जात नाहीये. तोडणीला ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढं वाचूनही बंदूकवाल्याला पुन्हा पाठवायचं असेल, तर तो कुणाच्या झाडांसाठी येतोय ते त्याला नीट सांगून पाठव. मी फाटकात उभी असेन.

तुझ्या झाडांची राखणदार,
ताई