सकाळी मला हाक मारू नकोस

चिमे,

तुझी आई गेल्याचा फोन आला, त्या दिवशी आधी तिचे तीन फोन वाजून गेले होते. शिलाई मशीनच्या आवाजात मला ऐकूच आले नाहीत. आता ती स्वप्नात येऊन काहीतरी सांगते, आणि तू ‘बाबा, चहा’ म्हणालीस की सगळं पुसलं जातं. म्हणून काल ओरडलो, चुकलं माझं. पण हात जोडतो, सकाळी हाक मारू नकोस. पडल्या पडल्या आठवलं तरच थोडं हाती लागतं.

मी सारखी मापाची टेप बघतो म्हणून हसतेस, हस. स्वप्नात आकडे हलतात. सवय लागली तर स्वप्नातही टेप बघेन, तिथेच कळेल की हे स्वप्न आहे, आणि तिला थांबवून नीट विचारीन.

उशाजवळच्या वहीत महिनाभरात ‘अहो, ऐका’ एवढंच उतरलंय. पुढचं ऐकायचं राहिलंय.

बाबा