इंजिन रुळायला वजन लागतं

आबा, नवं इंजिन आणलंय. नांदेडच्या दुकानातून टेम्पोत घालून आणलं. घाटावर उतरवायला शेजारच्या दोघांनी हात लावला आणि दोघंही तेच विचारत राहिले, बाई, तुला हे कशाला? तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण या काठावर नावेला पहिलं इंजिन लावणारे तुम्हीच. आमचा धंदा दोघांचा होता. एकाने वल्हं मारायचं, दुसऱ्याने जाळं सोडायचं. दोन पावसाळ्यांपूर्वी तुमचे जावई गेले आणि नाव नुसती पडून राहिली. एका माणसाला दोन्ही जमत नाही, म्हणून हे इंजिन. नातू तुमचा पुण्याहून म्हणतो, नाव विकून टाक, इकडं ये. भांडून भांडून शेवटी एवढ्यावर आलो की इंजिन रुळलं की मी एकटीने पलीकडच्या खोल पाण्यावर जायचं, जाळं टाकायचं आणि परत यायचं. जमलं तर इथं राहायचं, नाही जमलं तर नाव विकायची.

तुमचं पहिलं इंजिन माझ्या लग्नाच्या वर्षी आलं. अजून दिसतं मला. तुम्ही मागच्या टोकाला बसलाय, पेट्रोलात तेल जरा जास्त ओतलंय, निळा धूर निघतोय आणि आई पदर नाकाला लावून बडबडतेय. नवं इंजिन रुळवायचं म्हणजे आधी रिकामी नाव काठाकाठाने हळू फिरवायची. वेग थोडा वाढवायचा, परत कमी करायचा, एकाच वेगाला धरून ठेवायचं नाही. इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडते ना, तिच्यावरून नजर हलू द्यायची नाही, कारण ती थांबली की आतलं तापलं म्हणून समजायचं. आणि मग वजन. "रिकाम्या नावेत इंजन नुसतं भिरभिरतंय," तुम्ही म्हणायचात, "वजन दाखवलं की आतून बसतंय." वजन म्हणून तुम्ही आईला बसवलं. तिने धर्माबादच्या लाल मिरच्यांची टोपली बरोबर घेतली होती. देठ खुडता खुडता ती म्हणाली, "मी काय वाळूचं पोतं हाय का, नुसतं बसायला?" तुम्ही म्हणालात, "पोतं बोलत नसतंय गं." मग मिरचीच्या खाटाने तुम्हाला अशा शिंका लागल्या की नाव वाकडीतिकडी जायला लागली. काठावर मी हसून हसून खाली बसले.

त्याच आठवड्यात दिवाळसणाला तुमचे जावई आले. नवं इंजिन बघून त्यांचा हात शिवशिवला. तुम्ही दोरी सोडायला वळलात, तेवढ्यात त्यांनी इंजिनाची मूठ पूर्ण पिळली. तुम्ही झपकन येऊन त्यांच्या हातावर हात ठेवलात. "जावईबापू, घरी तुम्ही पाव्हणे. हितं इंजन पाव्हणं हाय. पाव्हण्याला आल्या आल्या पळवतेत व्हय?" रात्री ते अर्ध्या ताटावरून उठले. आई तुमच्याकडे डोळे वटारून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सकाळी तुम्ही उठायच्या आत ते घाटावर हजर. तुम्ही पुढच्या फळीकडे बोट केलंत. मग पुढं ते, मधे आई, मागं तुम्ही. प्रत्येक वळणाला तुमचा आवाज यायचा, "सावरून बसा." पुढं आयुष्यभर आमच्या नावेत ते तीच जागा धरून बसले. वल्हं माझ्याकडे, जाळं त्यांच्याकडे. मग वळताना मी म्हणायचे, सावरून बसा, आणि ते मागं न बघता हात वर करायचे.

आता मी सगळं तुमच्यासारखंच केलं. तेल जास्त घातलं, काठाकाठाने फिरवलं, धारेवर नजर ठेवली. वजनाची वेळ आली तेव्हा मात्र अडले. कुणाला म्हणणार, बाई, माझ्या नावेत नुसती बसायला ये? शेजारणीचे गुडघे गेलेत, बाकीच्यांना कामं आहेत. शेवटी दोन पोती वाळू भरली, एक मधे ठेवलं, एक पुढच्या फळीवर. पोतं खरंच बोलत नाही, आबा. आईची कटकट तुम्हाला नकोशी व्हायची, मला आता तेवढी तरी मिळावी असं वाटतं. इंजिनाच्या आवाजात लई एकटं वाटतं. वल्ह्याच्या नावेत निदान माणसाचा श्वास ऐकू यायचा.

रोज संध्याकाळी पोराचा फोन येतो. "आई, झालं का रनिंग?" मी म्हणते, "न्हाई रे, चालूच हाय अजून." "किती दिवस करायलीस?" "तुझ्या आज्याला विचार," म्हणते आणि ठेवून देते.

खरं सांगायचं तर इंजिन कधीच रुळलंय. दोरीच्या एका ओढीत सुरू होतं, आवाज एकसारखा लागतो, धूरही पातळ झालाय. परवा मी अर्ध्या नदीपर्यंत गेले. मूठ पिळली तशी नाव सरळ निघाली. पलीकडची बाभळीची झाडं ओळखू यायला लागली, ज्यांच्या खाली आमचं जाळं असायचं. तिथून मी परत फिरले. पाण्याची भीती मला कधी नव्हती, तुम्हाला माहीत आहे. पण पलीकडं जाऊन आले की जमलं असं ठरेल. मग पोराला फोन करून सांगावं लागेल की तुझ्या बापावाचून माझं चालतं. ते माझ्या तोंडून निघत नाही.

हा कागद सकाळी चुलीत जाईल, तुम्ही गेलात तिथं दुसऱ्या कुठल्या वाटेने पाठवणार? पोती उतरवायला हवीत, तेही कळतं. पण वळताना मी पुढच्या पोत्याला सावरून बसा म्हणते, आबा. आज म्हणायचं राहून गेलं. घाट समोर दिसत असताना मी नाव परत फिरवली आणि ते वळण पुन्हा घेतलं.