तेरा रात्री

आई,

भात झालाय, आमटी तेवढी गरम कर. बाबा आत झोपलेत. उठले की टेम्पोची चावी शोधतील. ती मी घेऊन चाललेय, कोन गावाला मावशीकडे.

काल क्लासमध्ये सरांनी घरच्या हिशोबावरून समीकरण मांडून आणायला सांगितलं. मी बाबांची कमाई घेतली. दिवसाच्या फेरीचे शंभर, रात्रीच्या फेरीचे दीडशे. बाबा तुला म्हणाले होते, "चोवीस फेऱ्या झाल्या, सगळ्या दिवसाच्या. रातची गाडी मी न्हाय चालवत." मग चोवीसशे यायला हवे होते. त्यांनी तुझ्या हातात तीन हजार पन्नास ठेवले. मी पुन्हापुन्हा सोडवून बघितलं. रात्रीच्या फेऱ्या तेराच येतात.

म्हणजे गोदामात झोपायला जातो म्हणतात, तेव्हा ते झोपत नाहीत. डॉक्टरांनी डोळ्यांचं काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. दिवेलागणीनंतर ते ओटीवरची चप्पलसुद्धा पायाने चाचपून घालतात, आणि अंबाडीच्या रस्त्याला समोरून ट्रक येतात.

त्यांना ओरडू नकोस. खोटं बोलले, पण तुझ्यापासून एक रुपया बाजूला ठेवायला त्यांना जमलं नाही, म्हणून तर कळलं. वरचे साडेसहाशे कशासाठी, तेही कळलं. माझ्या क्लासची फी तेवढीच आहे.

सरांना सांग, उद्यापासून मी येणार नाही. गणित मला आलंय.

रंजिता