दालन तिसरं : शिंप्याचं दुकान

९ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून तसंच आहे, कोंबडीनं पाय झाडावेत तसं. वीस तारखेला येतोयस हे मी दोनदा वाचलं.

आज संग्रहालयाला सुट्टी, म्हणून निवांत लिहायला बसलेय. आई खिडकीशी वाटाणे सोलतेय. सोलते कमी, खाते जास्त. तब्येतीनं बरी आहे, जेवते, झोपते. बाकीचं पुढे लिहिते.

आमच्याकडे सध्या 'वस्तू आणा, गोष्ट सांगा' चालू आहे. दर रविवारी गावातले लोक घरातली एखादी जुनी वस्तू आणतात, तिची हकीकत सांगतात आणि मी लिहून घेते. मागच्या रविवारी एक आजोबा आले, त्यांची वस्तू कुठे दिसेना. शेवटी कळलं, की वस्तू म्हणजे त्यांची कवळी, आणि गोष्ट सांगायची तर ती तोंडातच हवी! आमचा पहारेकरी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. तू असतास तर तूही पडला असतास.

बघ, मी विषयाला फाटे फोडतेय. तू विचारलंयस, बाबांचं मशीन घरी आहे ना, ते मला देशील का. मशीन घरी नाही. ते संग्रहालयात आहे, तिसऱ्या दालनात. बाबांचं अख्खं दुकान तिथे मांडलंय: मशीन, लांब टेबल, कातरी, खडूचे तुकडे, गिऱ्हाइकांचा आरसा. पुढे दोरी लावलीय, की कुणी हात लावू नये. मशीनवर नोंद क्रमांक मीच घातला. आधी वार्निशचा पातळ हात द्यायचा, वर बारीक ब्रशनं आकडे काढायचे. एकदा हे आकडे पडले की वस्तू घरी परत जात नाही, असा आमचा नियम.

ते आकडे काढताना तू आठवला होतास. मशीनखाली बसून पायडल हातानं ढकलायचास आणि टीप वाकडी गेली म्हणून बाबा ओरडायचे. तरीही मी हात थांबवला नाही.

बाबा गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलास, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मशीन मागितलंस. मी महिनाभर दवाखान्याच्या बाकावर झोपले होते रे. डोक्यात राख घालून घेतली. तू गेलास आणि आठवड्याच्या आत मी दुकान देऊन टाकलं. देणगीच्या अर्जात एक रकाना असतो, 'इतर वारस व त्यांची संमती'. भावाची सही नाही म्हणून मी कितीतरी लोकांना दारातून परत पाठवलंय. त्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कोणी नाही'.

एवढंच असतं तर तुझी माफी मागून पत्र संपवलं असतं. पण आमच्याकडे वस्तूखालच्या पाटीचा मजकूर अर्जावरून होतो. पाटी छापून आली: 'या शिंप्यांनी चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले. त्यांच्या मागे पत्नी व एकुलती एक कन्या.'

आईला विसर पडायला लागून तीन वर्षं झाली. मी तुला कळवलं नाही. तिला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून रोज सोबत नेते. ती तिसऱ्या दालनात खुर्चीवर बसते आणि अक्षरांखाली बोट धरून पाटी मोठ्यानं वाचते, दिवसातून दहा वेळा तरी. सुरुवातीला म्हणायची, "अगं, धाकट्याचं राहिलं की." मी म्हणायचे, "छापणाऱ्याची चूक गं, घेते बदलून." पाटी बदलायला अर्धा तास पुरतो. पण त्यासाठी अर्ज बाहेर काढावा लागला असता, आणि मला त्याची लाज वाटत होती. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.

मग ती विचारेनाशी झाली. गेल्या वर्षी शाळेची मुलं आली, तेव्हा त्यांना कौतुकानं सांगत होती, "हे आमच्या ह्यांचं दुकान. आम्हाला एकच मुलगी." मी दारातच उभी होते.

वीस तारखेला ती तुला ओळखणार नाही. तू म्हणशील, आजार. डॉक्टरही तेच म्हणतील. मी मूग गिळून बसले तर कुणाला ताकास तूर लागणार नाही. आजारानं तिचं पुष्कळ नेलंय, मलाही ती घरातच ओळखते. संग्रहालयाचा राखाडी डगला घातला, की मी तिला कुणी परकी बाई वाटते. पण तुला विसरायला तिला मी शिकवलं, रोज दहा वेळा. आजाराचं किती आणि माझं किती, हे मला सांगता येत नाही. माझं काहीच नाही, असं मात्र म्हणवत नाही.

तुझं पत्र आल्यावर शनिवारी संग्रहालयाच्या साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी अर्ज काढून तो रकाना वाचला. मग म्हणाले, "भावाची सही आणा, नाहीतर नोंद रद्द करू आणि मशीन त्यांचं त्यांना देऊ." तू काय करशील ते कर, मी मध्ये बोलणार नाही. त्याच दुपारी मी नवी पाटी लावली, 'पत्नी, एक कन्या व एक पुत्र'.

काल आई बोट सरकवत शेवटच्या शब्दापर्यंत आली आणि थांबली. मला हाक मारून म्हणाली, "बाई, हे चुकलंय हो तुमचं. कुणाचा तरी मुलगा आमच्यात घातलाय."

मी म्हटलं, "नाही हो, बरोबर आहे ते."

"मला नसतं का माहीत?" म्हणाली. रागावली नाही, उलट माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला आहे का भाऊ?"

"आहे."

"येतो का भेटायला?"

"वीस तारखेला येतोय."

"मग जपा त्याला. आमच्या पोरीला कोणी नाही हो. मी गेल्यावर तिचं कसं व्हायचं, तेवढाच घोर लागतो जिवाला."

धाकट्या, सही करू नकोस, मशीन घेऊन जा, मला हवं ते बोल. पण ये.

जिला भाऊ आहे ती,
ताई