पेडगावला गेलेला मलबा

परभणी
वैशाखातली दुपार

तीर्थस्वरूप अण्णासाहेब यांना श्रीनिधीचा साष्टांग नमस्कार. (घरात टेबल राहिलेलं नाही, म्हणून हे पत्र जमिनीवर पालथं पडून लिहितो आहे. तेव्हा नमस्कार निम्मा खराच झाला आहे असं समजावं.)

आपली प्रकृती बरी असेल. वहिनींची दाढ दुखायची थांबली का? म्हैस दोन लिटर दूध जास्त देऊ लागली असं नागसेनकडून कळलं. आनंद झाला. तिच्याबद्दल पुढे लिहायचं आहे. मी ठीक आहे, पाठ आणि कंबर सोडून. खरं तर फोनच करणार होतो. पण आपला फोन पद्मजा उचलते, "अण्णा गोठ्यात आहे" म्हणते आणि ठेवते. सहा वेळा असं झालं. इतका वेळ कोणी गोठ्यात नसतं. आपला नागसेन रोज दूध घेऊन परभणीला येतो, त्याच्या हाती हे पत्र देईन. तिच्यासमोर उघडू नये.

आपली बहीण चार दिवसांसाठी म्हणून पेडगावला आली, त्याला आज छत्तीस दिवस झाले. का आली हे तिनं आपल्याला सांगितलं नसेल. मलाही सांगितलेलं नाही. पण मला ते ठाऊक आहे, आणि चूक माझी आहे. ती आपल्याला नीट कळावी म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

जानेवारीत मी निवृत्त झालो. तेहतीस वर्षं कचेरीच्या अभिलेख कक्षात दुसऱ्यांचे कागद सांभाळले. असा माणूस घरी बसला की त्याला काहीतरी कमी करावंसं वाटतं. त्याच सुमारास गावात साध्या, निसर्गाला धरून असणाऱ्या घराबद्दल दोन दिवसांचं शिबिर झालं. शिकवणारा योगीराज नावाचा तरुण होता. खादीचा सदरा, पायांत काही नाही, आवाज अतिशय हळू. (हळू बोलणाऱ्यांचं मला लगेच पटतं. साहेब सगळे ओरडणारे मिळाले.) तो म्हणाला की वर्षभर ज्याला हात लागला नाही ते घरात ठेवू नये. प्लास्टिक, लोखंड, चकचकीत फरशी यांखाली घर गुदमरतं. घर मातीचं, मोकळं आणि उबदार असावं. उबदार हा शब्द मला फार आवडला. परभणीत उन्हाळ्याच्या तोंडावर घर मुद्दाम उबदार करून घेणारा मी पहिलाच असेन. घरी येऊन पद्मजाला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "वर्षभरात जे हललं नाही ते बाहेर, असा नियम असेल तर पिशवी तुमचीच भरायला घेते." मी हसलो. तिला पटलं आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

पहिल्या आठवड्यात सोफा गेला. मग काचेचं शोकेस, लोखंडी कपाट, कूलर, टेबल, प्लास्टिकची फुलं, स्वयंपाकघरातली हिरव्या नायलॉन पट्ट्यांची घडीची खुर्ची, असं सगळं गेलं. भंगारवाल्यानं मला दोनदा विचारलं, बाईंना विचारलंय ना? मी म्हटलं, हो. (विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.) बैठकीसाठी कापसाच्या गाद्या भरून घेतल्या. पुस्तकांना बांबूची मांडणी केली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. वाळ्यावर दर अर्ध्या तासानं पाणी मारावं लागतं, हे योगीराज बोलला नव्हता. बोललाही असेल, फार हळू बोलतो. भिंती लिंपायला धरणातला गाळ उत्तम असं तो म्हणाला होता, म्हणून एक दिवस येलदरीला गेलो. गाळ मिळाला नाही. एका भल्या माणसानं त्याऐवजी मासे देऊ केले. आपल्या घरात ते चालत नाहीत हे त्याला समजावण्यात दुपार गेली आणि रिकाम्या हातानं परत आलो. हा दिवस लक्षात ठेवावा, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फरशी काढायला घेतली. सारवायला आमची कामवाली सरजाबाईच होती. ती कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "साहेब, आमी जलमभर फरशीसाठी जीव काढला, अन् तुमी चांगली फरशी उपटायलाव?" मी तिला जमिनीच्या श्वासाबद्दल सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिच्या घरी फरशी बसून दहा वर्षं झाली, सारवण ती विसरून गेली आहे. शेवटी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला आणि तो चुलीशेजारी टेकवून, म्हणजे गॅसशेजारी, त्यात बघून शेण कालवलं. व्हिडिओतला माणूस योगीराज होता.

निघालेला मलबा आपण मागवला होता. गोठ्यापुढे पावसाळ्यात चिखल होतो, तिथं भर घालायला. नागसेन दोन खेपा करून तो घेऊन गेला. दुसऱ्या खेपेनंतर ट्रॉली इकडे परत आली तेव्हा तिच्यात कांद्याचं पोतं होतं. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. वहिनींनी ती ट्रॉलीलाही लावली. ते कांदे मी अजून खातो आहे.

आता चूक. फरशी गेल्यावर तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पद्मजा देवापुढून उठली. उठायला तिला वेळ लागला. मला म्हणाली, "आग्नेय कोपऱ्यातला वास्तुपुरुष कुठं ठेवलात?" अण्णासाहेब, आपल्याला आठवत असेल. सव्वीस वर्षांपूर्वी वास्तुशांतीला तांब्याच्या डबीतली ती प्रतिमा त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात मीच पालथी ठेवली होती. आपणही हजर होता. त्यानंतर दर अमावास्येला पद्मजा त्या फरशीवर दहीभाताची वाटी ठेवत आली. मी ती वाटी ओलांडून जात होतो. आणि फरशी काढताना ती डबी माझ्या एकदाही मनात आली नाही. ती मलब्यातून आपल्याकडे गेली, दुसरं काय? हे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ठेवलाय सांभाळून." ती फक्त "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. तिची स्वतःची.

तिच्यामागे घराचं काय झालं ते थोडक्यात लिहितो. बांबूच्या मांडणीला वाळवी लागली. तिनं पुस्तकं वरपासून खाल्ली, शब्दकोशाला हात लावला नाही. नळाचं पाणी येतं ते पडदे पितात, उरलेलं मी पितो. शेजारची शेळी दार उघडं दिसलं की आत येते आणि गादीवर बसून रवंथ करते. तिला घर पूर्ण पटलेलं आहे. शिबिरातून दोन माणसं घर पाहायला आली. त्यांनी फोटो काढले, इथं किती शांत वाटतं असं म्हणाली, आणि वीस मिनिटांत घामानं भिजून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. शांत वाटतं हे खरं आहे. स्वयंपाकघरात कोणी काही निवडत नाही, मला टोचून बोलत नाही. मी भात लावतो आणि शेळीशेजारी बसून खातो. घरात आता काहीही जास्तीचं नाही. इतकं कमी मला नको होतं.

पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार. पद्मजाला काही सांगू नये. फक्त ती जेवते ना, एवढं कळवावं.

आपला
श्रीनिधी

ता. क. मुद्द्याचं राहिलं. आपल्या गोठ्यापुढची भर उकरावी लागेल. वितीपेक्षा लहान तांब्याची डबी आहे, हिरवी पडली असेल. टिकाव वापरू नये, खुरप्यानं हळूहळू उकरावं. पद्मजा देवळात जाते त्या वेळात करावं. मिळाली की नागसेनकडे द्यावी, मी ती जागच्या जागी ठेवीन आणि मग तिला न्यायला येईन. तिला पेडगावला शांत झोप लागते असं नागसेन सांगतो. लागणारच. माझा वास्तुपुरुष तिच्या उशाशी आहे. म्हशीच्या दोन लिटरांमागचं कारणही मला तेच दिसतं. याचा आपल्याला तोटा आहे हे मी जाणतो, पण म्हैस आपली आहे आणि घर माझं.

आणखी एक ता. क., दुसऱ्या दिवशी सकाळी. वरचं वाचून उकरायला घेतलं असेल तर थांबावं. पत्र पुन्हा लिहीत नाही, कागद एकच उरला आहे. सरजाबाई आज सारवायला आली. (महिन्यातून दोनदा सारवावं लागतं. हेही मला माहीत नव्हतं.) नागसेन येईपर्यंत मी तिला सहज विचारलं, फरशी काढताना एखादी डबी दिसली होती का? तिनं हातातलं शेण खाली ठेवलं. मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो.

"डबी? ती ताईनं तुमी येलदरीला गेलते त्याच दिशी काढून घेतली की. मीच पहारीनं फरशी उचलून दिली. देवाच्या मागं ठिवलीय. रोज हळदकुंकू घालायच्या."

देवघरात गेलो. देवांच्या मागे, समईच्या आडोशाला डबी होती. स्वच्छ घासलेली. छत्तीस दिवसांत मी एकदा जरी देव बाहेर काढून पुसले असते तरी दिसली असती. म्हणजे तिनं मला विचारलं तेव्हा डबी कुठं आहे हे तिला माहीत होतं. तिला मी काय म्हणतो ते ऐकायचं होतं. मी म्हटलं, ठेवलाय सांभाळून.

मग ती त्यासाठीच गेली का, असं मी सरजाबाईला विचारलं. सरजाबाईला हसू आलं असावं, पण ती हसली नाही. "त्यासाठी कशाला जातील? तुमी लय थापा मारता हे त्यांना ठावं हाय. बसायला काय ठिवलं तुमी त्यांना? गुडघ्याचं माणूस. खाली बसल्या की उठता येईना. सकाळी मी उठवायची, सांजला मी उठवायची. मधी मी नसले की भितीला धरून हुभ्याच ऱ्हायच्या. ती हिरवी खुर्ची तेवढी एक होती."

मी तिथंच, सारवायच्या जागेवर बसलो. तिनं मला उठवलं.

गुडघ्याचं मला माहीत होतं, अण्णासाहेब. माहीत नव्हतं असं म्हणालो तर ती दुसरी थाप होईल. दोन वर्षं तिला तेल मीच चोळून देत होतो. वर्षभर हात न लागलेल्या वस्तू काढायच्या होत्या, आणि ती खुर्ची रोज सकाळ-संध्याकाळ वापरात होती. नियमातही बसत नव्हती. मला फक्त तिच्या नायलॉनच्या पट्ट्या दिसल्या.

म्हशीचं श्रेय म्हशीला द्यावं. वास्तुपुरुषाचा तिच्याशी संबंध नाही.

शेवटची ता. क. नागसेनला थांबवून ठेवलं आहे. हिरवी खुर्ची मिळाली नाही. भंगारवाल्याकडे जाऊन आलो, तिचं लोखंड पुढे गेलं. त्यानं पट्ट्या तेवढ्या ठेवल्या होत्या, दोरी म्हणून. मग बाजारातून नवी आणली. प्लास्टिकची आहे, हात असलेली, लाल. योगीराजला कळलं तर तो आणखी हळू बोलेल. मी बसून पाहिली. गुडघे काटकोनात राहतात आणि हातावर रेटा देऊन एकट्याला उठता येतं. मी वीस वेळा उठलो.

पत्राबरोबर ती खुर्ची नागसेनच्या ट्रॉलीत ठेवतो आहे. पद्मजाला अंगणात बसून बघू द्यावी. मी काय लिहिलं आहे ते आता तिला वाचून दाखवलं तरी चालेल. थापेचा भागसुद्धा. उंची कमी वाटली तर कळवावं, बदलून मिळेल असं दुकानदार म्हणाला आहे. आणि खुर्ची परत पाठवायची झाली, तर आपल्याकडची रीत आपल्याला मी सांगायला नको. ती रिकामी पाठवू नये.