रोलरचं उजवं टोक

सोमवार, ३ मार्च

काकू, आमच्या सुपरवायझर, काम सोडून गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आता परत येणार नाहीत. लॉन्ड्रीतल्या सगळ्या बायका रडल्या. मी नाही. मला लोकांसमोर रडता येत नाही. घरी येऊन मोरीत रडले.

जाताना त्या प्रत्येकीशी काहीतरी बोलल्या. मला म्हणाल्या, "कमी बोलतेस ते चालेल. पण बोलायलाच हवं ते गिळत जाऊ नकोस." मी नुसती मान हलवली. म्हणजे गिळलंच.

मंगळवार, ४ मार्च

नवीन सुपरवायझर आला. मालकांचा भाचा आहे, शिकलेला. शर्ट इतका कडक की रेडिओ म्हणाली, "हा आपल्या इस्त्रीचा नाही गं, हा बाहेरून करून आणतो." रेडिओ म्हणजे धुण्याच्या मशीनवरची. तोंड कधी बंद होत नाही म्हणून रेडिओ. दुपारपर्यंत तिने त्याचं भाचेसाहेब करून टाकलं.

शुक्रवार, ७ मार्च

भाचेसाहेब वाईट नाही. आल्या आल्या पंखा दुरुस्त करून घेतला — काकू सांगून सांगून थकल्या होत्या. पण काही चुकलं की सगळ्यांसमोर विचारतो. "हा डाग कोणी ठेवला?" मग सगळ्या चादरीकडे बघत बसतात. चूक माझी नसली तरी मला वर्गात उभं केल्यासारखं होतं. शाळा सुटली, ते उभं राहणं काही सुटलं नाही.

काकू असं विचारायच्या नाहीत. ड्रायरच्या मागे न्यायच्या. तिथे एवढा खडखडाट असतो की बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही. मला एकदाच नेलं होतं. मी दिवसभर घड्या चुकवत होते, वाटलं आता गेली नोकरी. त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

खाल्लं नव्हतं.

सोमवार, १० मार्च

आजपासून सगळ्यांच्या जागा बदलल्या. भाचेसाहेब म्हणाला, "सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. एक जण आली नाही तर काम अडायला नको." बरोबरच आहे ते. पण आत्या रोलरच्या उजव्या टोकाला गेली.

आत्या म्हणजे बाबांची बहीण, आमच्याकडेच राहते. तिनेच मला इथे चिकटवलं. आम्ही दोघी रोलरवर असतो. ओल्या चादरीचं एक टोक तिने धरायचं, एक मी. कड सरळ करून तापलेल्या रोलरखाली सरकवायची आणि वेळेवर हात सोडायचा. आत्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही. हे मला माहीत आहे आणि काकूंना माहीत होतं. त्या तिला कायम डावं टोक द्यायच्या, का ते कुणाला बोलल्या नाहीत. आता टोक उजव्या हातात, आणि तो हात तिला दिसत नाही. अंदाजाने सोडते.

मी म्हटलं, साहेबांना सांगूया. आत्या म्हणाली, "खबरदार! आंधळी म्हणून घरी बसवेल मला."

बुधवार, १२ मार्च

आज आत्याचा हात चादरीबरोबर आत चालला होता. मी लाल दांडी दाबली. रोलर थांबला. बोटांची टोकं भाजली फक्त. फक्त — असं मी लिहितेय.

"मशीन कोणी थांबवलं?" भाचेसाहेब तिकडून. सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या. मी दांडीवरचा हात काढून घेतला. शेवटी आत्याच म्हणाली, "चादर दुमडली होती, साहेब."

"बघून घालत जा ना जरा."

बघून.

गुरुवार, १३ मार्च

आजही नाही बोलले.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं.

सगळ्यांसमोर जमणार नव्हतं. म्हणून चहाच्या सुट्टीत ड्रायरच्या मागे जाऊन उभी राहिले. तो तिकडून जायचाच असतो. मला बघून थांबला. मी बोलले. त्याला ऐकू आलं नाही. "काय?" पुन्हा बोलले. "अगं मोठ्याने बोल." मी आयुष्यात कधी ओरडले नसेन. "आत्याला उजव्या डोळ्याने दिसत नाही!" असं ओरडले.

त्याने मान वळवून रोलरच्या दिशेने बघितलं. मग म्हणाला, "आणि मी तिला उजवीकडे टाकलं." माझ्याकडे वळून, "मला कोणी सांगितलं का नाही?"

ओरडायला लागलेच होते, तर तेही सांगितलं. "तुम्ही सगळ्यांसमोर विचारता."

त्याचे कान लाल झाले. "जा कामावर," म्हणाला. आता आत्याला काढलं तर मी तिला तोंड कसं दाखवू?

सोमवार, १७ मार्च

सकाळी भाचेसाहेब बाह्या दुमडून रोलरपाशी आला. आत्याला म्हणाला, "आत्याबाई, मला हे काम येत नाही आणि मी सगळ्यांना शिकवत फिरतोय. उजवं टोक मला द्या. तुम्ही डावीकडून सांगा." डोळ्याचा शब्द नाही. मी मागे घड्या घालत बघत होते.

पहिली चादर अशी निघाली की रेडिओ म्हणाली, "साहेब, ही चादर आहे की घाटातला रस्ता?" तो हसला. आत्या नाही हसली. "हात आधी सोडा, मग बघा," एवढं मात्र बोलली. त्याचंही बोट भाजलं.

दुपारी त्याने एकेकीला ड्रायरच्या मागे बोलावून विचारलं, कुठली जागा जमते, कुठली नाही. सगळ्यांना. आत्याला तर मधेच कधीतरी, म्हणजे कुणाला काही वाटू नये. ती बराच वेळ आली नाही. आली ती डाव्या टोकाला उभी राहिली. आता तिथेच राहणार.

पण कोणी सांगितलं ते तिला कळलंय. घरी मला वाढलं, माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवार, १९ मार्च

आत्या अजून बोलत नाही. जेवताना मी तिचे हात बघत होते. बोटांवरचे फोड सुकलेत. नाही बोलली तर नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आत्या बोलली. भांडी घासता घासता. मला वाटायचं, काकूंनी तिच्या डोळ्याचं आपणहून ओळखलं होतं. तर नाही. आत्यानेच सांगितलं होतं. "त्या बाईला सांगावंसं वाटायचं," म्हणाली. मग एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिली.

"उजव्याचं तू सांगितलंस. आता डाव्यालाही कडेकडेने अंधार येतोय. ते काकूंना पण ठाऊक नव्हतं. उद्या साहेबाला मीच सांगते. तू फक्त शेजारी उभी राहा."